टोकाला कोणी आहे का

“बाई, केक घ्या की. तुमच्याच नावानं कापलाय,” म्हणत साहेबांनी कागदी बशी तिच्यापुढे सरकवली. बशीतल्या क्रीमवर साहेबांच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटला होता. तिनं बशी सोल्डरिंगच्या स्टँडमागे नेऊन ठेवली आणि बोटं रुमालाला पुसली.

“गोड वर्ज्य आहे का?”

अंगठा वर्ज्य आहे, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. “नंतर खाते,” ती म्हणाली.

कारखान्यातली सगळी माणसं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासमोर गोळा झाली होती. साहेबांना पाठीमागे सगळे ‘टक्के’ म्हणत. जेवण कसं होतं विचारलं तर ‘ऐंशी टक्के’ म्हणणारा माणूस. आज पडद्यावर त्यांनी एकच आकडा लावला होता, तोही लाल रंगात. ब्याण्णव टक्के बचत.

आकडा वृद्धाश्रमातल्या कामाचा होता. तिथल्या दहा खोल्यांमध्ये चार महिन्यांपूर्वी कॅमेरे बसवले होते आणि मधल्या पॅसेजच्या टोकाला, देखरेखीच्या टेबलावर, दहा छोटे पडदे. भिंती फोडायला मालक तयार नव्हता. भिंतीत पूर्वीची जाड केबल होती, तीच वापरायची होती. एवढ्या लांब केबलमधून चित्र ढकलायचं तर प्रत्येक कॅमेऱ्यामागे एक अॅम्प्लिफायर लागतो, आणि वीज गेली तरी हे सगळं बॅटरीवर चालायला हवं होतं. म्हणजे अॅम्प्लिफायर कमी व्होल्टेजवर चालणारा हवा, आणि त्यानं खायचंही बेतानं.

बेतानं खायला लावणं हे तिचं काम. वीस वर्षं ती तेच करत आली होती. इथून दोन मिलिअँपिअर काप, तिथून अर्धा काप, चित्राचा रंग मात्र बिघडता कामा नये. माणसं तिला काटकसर बाई म्हणायची. पुढे काटकसर गळून पडली आणि नुसतं ‘बाई’ उरलं. या अॅम्प्लिफायरमध्ये तिनं दोन गोष्टी केल्या होत्या. पाचाऐवजी सव्वातीन व्होल्टवर त्याला चालायला लावलं होतं, आणि डुलकी घ्यायला शिकवलं होतं. केबलच्या दुसऱ्या टोकाला पडदा जोडलेला नसेल तर चित्र ढकलण्यात अर्थ काय? म्हणून अॅम्प्लिफायर अधूनमधून एक अगदी बारीक करंट सोडून चाचपून बघायचा. अंधारात दोरीला हलकाच हिसका देऊन पलीकडे कुणी धरलंय का बघावं तसं. पडदा असला, अगदी बंद असला, तरी त्याचा भार लागायचा. भार लागला की जागं व्हायचं. नाही लागला की परत झोपायचं.

तिच्या हिशोबानं या कामात निम्मी वीज वाचायला हवी होती. फार तर साठ टक्के. 

“ब्याण्णव येऊच शकत नाही,” ती म्हणाली.

टाळ्या वाजवणारे हात थांबले. साहेब हसले. “बघा, ही आमची बाई! जास्त आलं तर रडते, कमी आलं तरी रडते. अहो, मीटर तुमच्याच हातचा ना?”

“म्हणूनच म्हणतेय. आठवड्याचा आलेख दाखवा जरा.”

साहेबांनी नाखुशीनं बटण दाबलं. पडद्यावर एक रेघ आली. सोमवारपासून शनिवारपर्यंत ती तळाला चिकटून पडली होती, दिवसा तशीच आणि रात्री तशीच. रविवारी दुपारी मात्र ती उठली होती, दोन तास वर राहिली होती आणि परत खाली बसली होती. तिनं मागचा आठवडा मागितला. तसाच. त्याच्या मागचाही तसाच.

“रविवारी नातेवाईक येतात,” साहेबांनी समजूत घातली. “दिवे लागतात, पंखे लागतात.”

“हा मीटर दिव्यांवर नाही. फक्त अॅम्प्लिफायरवर आहे.” क्रीमचा गोडसर वास टेबलामागून येत होता. “केबली काढलेल्या आहेत. फक्त रविवारी लावतात.”

“मी स्वतः पिळून बसवल्यात, बाई,” वायरमन दुखावला. “आपोआप निघणं शक्यच नाही.”

“आपोआप निघाल्यात असं कुठं म्हणतेय मी?”

मागे कोणीतरी खोकलं. वायरमननं मान खाली घातली. साहेबांनी क्षणभर विचार केला, आणि मग त्यांचा चेहरा उजळला. ते उजळणं तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

“मग यात बिघडलं काय? तुमच्या सर्किटनं त्याचं काम चोख केलं. कोणी बघत नाही तर वीज खात नाही! याहून चांगली जाहिरात कुठली? आकडा खोटा आहे का? नाही ना?”

“तिथं माझ्या सासूबाई आहेत, साहेब.”

“माहीत आहे की! म्हणून तर माहितीपत्रकावर तुमचा फोटो टाकायचाय. तुम्ही आणि सासूबाई, शेजारी-शेजारी. माणसांना असलं आवडतं. घरचा स्पर्श.”

तिनं पर्स उचलली. बाहेर पडताना सोल्डरिंगच्या स्टँडमागची बशी कचऱ्याच्या डब्यात उपडी केली. डब्यात आधीच पाच-सहा बश्या होत्या, आणि प्रत्येकीवर थोडं थोडं चाटलेलं क्रीम.

बसमध्ये खिडकीशी बसून ती तोंडानं श्वास घेत राहिली. नाक हे तिचं पहिल्यापासूनचं दुखणं. दुसऱ्याच्या ग्लासातलं पाणी तिला चालत नसे. सासूबाईंची डावी बाजू गेली तेव्हा पहिले दोन महिने त्या घरीच होत्या आणि तिनं प्रयत्न केला नाही असं नव्हतं. हातमोजे घातले, नाकाला फडकं बांधलं, श्वास कोंडून चादरी बदलल्या. पण मग जेवताना हाताला तोच वास येई आणि घास तोंडातच फिरत राही. नवरा म्हणाला, “तुला नाही जमायचं गं. त्यात कमीपणा काही नाही.” वृद्धाश्रम बघायला दोघं गेले तेव्हा व्यवस्थापकानं आधी पडदेच दाखवले होते. “एका नजरेत दहा खोल्या! घरी तरी एवढं लक्ष राहतं का?” तिनं पडद्यांकडे निरखून पाहिलं होतं. तिच्याच अॅम्प्लिफायरमधून आलेलं चित्र. एका पलंगावर लाल रजई होती आणि तिचा लाल अगदी लालासारखा लाल आला होता. तिला बरं वाटलं होतं. पडदे तिनं मोजले होते. मावश्या मोजायचं सुचलं नव्हतं.

वृद्धाश्रमाच्या दारातच फिनेल आणि उकडून गार झालेल्या भाजीचा वास अंगावर आला. वरच्या पॅसेजच्या टोकाला टेबलाशी मावशी बसल्या होत्या. रुंद, घामेजलेल्या, पाय बादलीतल्या गरम पाण्यात सोडलेले. दहांपैकी नऊ पडदे काळे होते. दहाव्याला त्यांनी कुठूनशी दुसरी तार लावली होती आणि त्यात एक नटलेली सून दुसऱ्या नटलेल्या सुनेच्या श्रीमुखात भडकावत होती. 

“आज रविवार नाही,” तिच्याकडे न बघताच मावशी म्हणाल्या.

ती टेबलामागे गेली. दहाच्या दहा केबली सॉकेटमधून काढून एका चिंधीनं बांधून ठेवलेल्या होत्या, मेलेल्या उंदरांच्या शेपट्या बांधाव्यात तशा. तिनं चिकटवलेले आकडे अजून प्रत्येकीवर होते.

“या कोणी काढल्या?”

“मी. का?” मावशींनी आता मान वळवली आणि तिला ओळखलं. “अगंबाई, दहा नंबरची सून! ताई, अहो, रविवारी लावतो ना आम्ही. तुम्ही बघताच की दर वेळी.”

“आणि बाकीचे दिवस?”

“बाकीचे दिवस कोण बघतंय? आणि काय बघायचं हो? कोण कपडे काढून बसतंय, कोण नाकात बोटं घालतंय, कोण भिंतीला... जाऊ दे. शिसारी येते. मीही जेवते-खाते, ताई, मी काय दगड आहे?”

हेच शब्द तिनं दोन महिने मनातल्या मनात घोकले होते.

“बाकीच्या मावश्या कुठं आहेत?”

“बाकीच्या? काढल्या की. कॅमेरे बसले त्याच महिन्यात तिघींना घरी पाठवलं. आमचे मालक म्हणाले, आता एकीला दहा खोल्या दिसतात, चौघी कशाला?” मावशींनी बादलीतून एक पाय काढला, फडक्यानं पुसला आणि परत आत सोडला. “दिसतात खऱ्या. हात पण कॅमेऱ्यानं दिले असते तर बरं झालं असतं.”

दहा नंबरच्या खोलीचं दार तिनं उघडलं आणि तिथंच थांबली. वास भिंतीसारखा उभा होता. सासूबाई पलंगावर तिरक्या पडल्या होत्या. उशी डोक्याखालून निसटली होती, चादर कमरेशी गोळा झाली होती आणि तिच्यावर मोठा ओला डाग पसरला होता. कडा वाळून पिवळ्या पडल्या होत्या, म्हणजे डाग आजच्या सकाळचा तरी नक्की होता. कोपऱ्यात छताजवळ कॅमेरा आपला नीट बसलेला.

“रविवार झाला का?” सासूबाईंनी विचारलं. तोंडाची डावी बाजू पडल्यामुळे शब्द घरंगळत यायचे, पण धार तीच होती.

“नाही, आई. बुधवार आहे.”

“मग तू कशी? नोकरी गेली?”

“जाईल बहुतेक.”

“नाक नको दाबूस बये. दाबायचंच असेल तर बाहेर जाऊन दाब.”

तिनं हात खाली घेतला. जवळ गेली. चादर बाजूला केली आणि कमरेखालचा भाग पाहिला. कातडी लाल होऊन एका जागी सोलवटली होती. आत ओलं दिसत होतं. ती वळली, कोपऱ्यातल्या बेसिनपर्यंत कशीबशी पोचली आणि ओकली. पोटात चहाशिवाय काही नव्हतं. तरी ती ओकतच राहिली. डोळ्यांतून पाणी आलं. कशाची किळस जास्त होती तेच कळेना. या खोलीची, त्या लाल आकड्याची, दुपारी दोन तास उठून बसणाऱ्या त्या रेघेची, की स्वतःच्या या नाजूक नाकाची.

“झालं?” पलंगावरून आवाज आला. “नातवाच्या वेळी अश्शाच ओकायचीस. आता काय दुसरा आहे की काय?”

तिला हसू आलं, आणि त्याचाही राग आला. “आई, तुम्ही हाक नाही मारत?”

“मारते की. चार हाका मारल्या की गळा बसतो. मग तुझ्या त्या डबड्याकडे बघत राहते. तूच म्हणाली होतीस ना, त्यातून दिसतं म्हणून? म्हटलं, दिसत असेल. दिसत असून येत नसतील. माणसं असतात तशी.”

तिनं बेसिनचा ठिबकणारा नळ घट्ट पिळला.

“दिसत नव्हतं, आई,” ती म्हणाली. “केबल काढलेली होती.”

“हां,” सासूबाई म्हणाल्या. जरा वेळानं पुन्हा म्हणाल्या, “मग बरं. मला वाटलं, बघून येत नाहीत.”

हे ‘मग बरं’ ऐकून ती तरातरा बाहेर गेली आणि मावशींना म्हणाली, “उठा. मला एकटीला उचलता येणार नाही.” तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की मावशींनी मालिकेकडे एक नजर टाकली आणि ओल्या पायांनीच उठल्या.

कामात मावशी वाकबगार निघाल्या. “असं नाही हो ताई, खांद्याला नका धरू, हाड निखळेल. गुडघा वाकवा. आता तुमच्याकडे ओढा. पोत्यासारखं नका ओढू, माणूस आहे.” पाणी, साबण, कोरडं फडकं, मलम. ती अडखळत होती, दोनदा तोंड फिरवून श्वास घेत होती. मोजे नव्हते. नखांत काय गेलं ते तिनं बघितलं नाही. सासूबाई छताकडे बघत, तोंडानं काही न बोलता, उजव्या हाताची मूठ घट्ट आवळून पडल्या होत्या. ही बाई तिच्या स्वयंपाकाला तीस वर्षं नावं ठेवत आली होती, एकदाही गप्प बसली नव्हती. आता गप्प होती. कोरडा गाऊन अंगावर आला तेव्हाच ती मूठ उघडली.

नव्यानं उशी लावून ती पॅसेजमध्ये आली, हात कोपरापर्यंत धुतले, आणि नवऱ्याला फोन लावला.

“गाडी घेऊन ये. आईंना घरी न्यायचंय.”

“आज? अगं, काय झालं? पडली का?”

“आल्यावर सांगते.”

“हे बघ, आपण नीट विचार करून ठरवलं होतं ना? घरी कोण करणार? तुला नाही जमायचं गं ते.”

“नाही जमायचं,” ती म्हणाली. “तू गाडी आण. आणि अर्धं तू करायचंस. तुला नाक नाही असं नाही.”

पलीकडून किल्ल्यांचा आवाज आला.

तो आला, आईकडे बघून आधी गांगरला, मग नको इतका मोठ्यानं बोलायला लागला आणि शेवटी खालच्या ऑफिसात सह्या करायला गेला. व्यवस्थापकाचा चढलेला आवाज जिन्यातून वर येत होता. सासूबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवून तिनं टेबलाशी आणून ठेवलं. त्यांच्या मांडीवर त्यांचं सगळं सामान एका पिशवीत मावलं होतं.

वाट बघायची होती. ती टेबलामागे गुडघ्यांवर बसली आणि तिनं चिंधीची गाठ सोडली. एक नंबरची केबल एकच्या सॉकेटमध्ये घातली, पिळली. पडदा क्षणभर निळा झाला आणि मग चित्र आलं. चाचपणारा करंट पोचला होता. कुणीतरी आहे, असं अॅम्प्लिफायरला कळलं होतं. दोन. तीन. चित्र स्वच्छ होतं, कुठेही दाणे नाहीत, कडा थरथरत नव्हत्या. तिनं आजवर केलेलं सगळ्यात चांगलं काम होतं ते. त्यात एक म्हातारा पलंगाच्या कडेशी बसून समोरच्या भिंतीकडे बघत होता. एक बाई उघड्या पाठीनं झोपली होती. एकजण सांडलेली पेज बोटानं पुसून बोट चाटत होता. आणि सगळ्यांचे रंग अगदी जसेच्या तसे.

“लावताय खरं,” मावशी मागे उभ्या राहून म्हणाल्या. त्यांचा आवाज आता वेगळाच होता. “पण मी एकटी आहे, ताई. बघितलं की उठावं लागतं. दहा जणांसाठी उठून उठून माझे पाय बघा कसे झालेत. नाही बघितलं तर निदान... नाही बघितलं.”

तिनं मावशींच्या पायांकडे पाहिलं. घोट्याशी शिरा जांभळ्या होऊन वर आल्या होत्या. ती उरलेल्या केबली लावत राहिली. मालिकेच्या सुना गेल्या आणि त्या जागी दहा नंबरची खोली आली. रिकामा पलंग, उघडी पडलेली गादी.

“ती माझी?” सासूबाईंनी विचारलं. “एवढीशी आहे होय खोली?”

खुर्ची पुढे सरकवून त्या एकेक पडदा निरखायला लागल्या. गल्लीत गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवणारी बाई ती, चार महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी बघायला मिळालं होतं. “हा तोच का, रात्रभर गातो? दिसायला बरा आहे की. आणि ही कोण? अगं, हिची उशी खाली पडली. चार नंबर. मान बघ कशी लोंबकळतेय. जा, दे तिला.”

मावशी हलल्या नाहीत. तिनं जिन्याकडे पाहिलं. नवरा अजून वर आला नव्हता.

“जा ना गं. मला काय पाय आहेत?”

चार नंबरच्या खोलीतही वास होता. तोच, थोडा जुना. पलंगावरच्या बाईनं डोळे उघडले, पण ही कोण आली याचं तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. उशी जमिनीवर, पलंगाखालून आलेल्या ओघळात पडली होती. तिनं ती आधी दोन बोटांनी उचलली. ठिबकली. घशात परत तेच वर यायला लागलं. तिनं ते गिळलं, उशी एका हातात नीट धरली, दुसऱ्या हाताच्या कोपरानं त्या बाईची मान सावरली आणि उशी खाली सरकवायला लागली.

“उलटी कर!” पॅसेजमधून, दार ओलांडून, सासूबाईंचा बसका आवाज आला. “अगं उलटी कर ती! कोरडी बाजू वर!”

तिनं उशी काढली, उलटी केली, आणि कोरडी बाजू वर करून परत ठेवली.